यंत्रे थांबली तरी घर थांबू नये

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." हे वाक्य ज्याने कधी ऐकले नाही असा माणूस आपल्या वस्तीत शोधून सापडणार नाही. रेशनच्या दुकानात हेच ऐकावे लागते, बँकेत हेच, तलाठ्याकडे हेच आणि मुलाचा दाखला काढायला सेतू केंद्रात गेले तर तिथेही हेच. ऐकणारा महिन्याच्या पगारावरचा माणूस असेल तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. पण नाक्यावर उभे राहून रोज काम शोधणारा बिगारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, कंत्राटावरचा सफाई कामगार यांचा त्या एका वाक्याने दिवसाचा रोज बुडतो. म्हणजे बिघाड संगणकात होतो आणि दंड मात्र आपण भरतो.

हा झाला एका दिवसाचा बिघाड. पण समजा, वीज, फोन आणि बँकांचे संगणक एकाच वेळी दोन-तीन दिवस बंद पडले तर? आपल्या घरात पाणी किती दिवस पुरेल? म्हाताऱ्या आईची औषधे किती उरली आहेत? हातात रोख पैसा आहे का? मुले शाळेत आणि आई-बाप कामावर असताना फोन लागला नाही तर कोणी कुठे थांबायचे? या प्रश्नांची उत्तरे घरातल्या सर्वांना ठाऊक आहेत काय? बहुतेक घरांत ती ठाऊक नसतात. म्हणूनच हा विषय कुटुंबासाठीच्या या पानावर घेतला आहे.

ही भीती घालण्याची गोष्ट नव्हे. श्रीमंतांच्या इमारतीत जनरेटर असतो, गाडी असते, दुसऱ्या शहरात दुसरे घर असते. आपल्याकडे यातले काही नाही. तेव्हा आपली तयारी कमी पैशांत आणि जास्त विचाराने करावी लागते. ती करता येते, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

१९९९ सालची धास्ती

ज्यांचे वय आज चाळिशीच्या पुढे आहे त्यांना १९९९ साल आठवत असेल. त्या वर्षी जगभर एकच चर्चा होती. जुन्या संगणकांत जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. १९९९ म्हणजे नुसते ९९. मग २००० साल उजाडले की संगणक ००ला १९०० समजेल, हिशोब चुकतील, बँका, विमाने, वीजकेंद्रे बंद पडतील, अशी धास्ती होती. परदेशात कित्येक घरांनी पाणी, डबाबंद अन्न आणि मेणबत्त्यांचा साठा केला.

१ जानेवारी २००० उजाडला आणि मोठे असे काही बिघडले नाही. लोक हसले. सगळी अफवाच होती, असे म्हणू लागले. पण ते खरे नव्हते. त्याआधीची काही वर्षे जगभरातील हजारो तंत्रज्ञ, त्यात आपल्या देशातील तरुण मुले-मुलीही होती, रात्रंदिवस एकेक ओळ तपासून चुका दुरुस्त करीत होती. त्यावर शेकडो अब्ज डॉलर खर्च झाले. काम झाले म्हणून संकट टळले.

आणि जिथे चूक राहून गेली तिथे ती कोणाला भोवली? इंग्लंडमध्ये शेफिल्ड शहरात गरोदर स्त्रियांच्या तपासणीचा हिशोब करणाऱ्या संगणकाने २००० सालच्या आरंभी त्यांची वये चुकीची धरली. दीडशेहून अधिक स्त्रियांना, तुमच्या बाळाला धोका कमी आहे, असे चुकीचे कळवण्यात आले. चूक लक्षात यायला काही महिने गेले. ना विमान पडले, ना बँक बुडाली. पण साध्या घरच्या आयांना त्याचे दुःख सोसावे लागले. त्या सालापासून घ्यायचे ते दोन धडे. तयारी केली आणि संकट आले नाही, तर ती तयारी वाया गेली असे मानू नये. आणि बिघाड झाला तर त्याचा भार साध्या माणसावर अधिक पडतो, हे विसरू नये.

खरोखर असे घडते का?

घडते. लांब जायला नको. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल बंद, रस्ते बंद, अनेक भागांत वीज गेली आणि फोनही लागेनात. हजारो कामगार रात्रभर पाण्यातून चालत घरी पोहोचले. कित्येक मुले शाळेतच राहिली. मिठी नदीकाठच्या झोपड्यांतून भांडीकुंडी तर गेलीच, पण कागदपत्रेही गेली.

३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारतातील वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी ६० कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशातील वीज गेली. शेकडो आगगाड्या वाटेत उभ्या राहिल्या. पश्चिम बंगाल आणि झारखंडमधील कोळसा खाणींत दोनशेहून अधिक कामगार जमिनीखाली अडकले, कारण वर आणणारे पाळणे विजेवर चालत होते. सुदैवाने ते सुखरूप बाहेर आले. महाराष्ट्र त्या वेळी वाचला.

पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी पाळी आपल्यावर आली. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई या भागांतील वीज एकाएकी गेली. कळवा-पडघा भागातील उच्च दाबाच्या वाहिन्यांत बिघाड झाला होता. लोकल जागच्या जागी थांबल्या, कोरोनाच्या दिवसांत रुग्णालये जनरेटरवर चालवावी लागली. काही वस्त्यांत रात्रीपर्यंत वीज आली नव्हती. त्याच वर्षी ३ जूनला आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, म्हसळा भागातील गावे कित्येक आठवडे अंधारात होती.

संगणकांचेही तेच. १९ जुलै २०२४ रोजी एका अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा प्रणालीत केलेला सदोष बदल जगभर एकाच वेळी पोहोचला आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. कोणी हल्ला केला नव्हता, चूकच होती. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. मार्च आणि एप्रिल २०२५ मध्ये आपल्याकडे फोनवरून पैसे देण्याची यूपीआय सोय काही तास अडखळली, तेव्हा दुकानादुकानांत माणसे फोन हातात घेऊन उभी होती. आणि २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल हे देशच्या देश भर दुपारी अंधारात गेले. मेट्रो थांबली, कार्डे चालेनात. ज्याच्या खिशात रोख पैसे होते त्यालाच पाणी-पाव विकत घेता आला. बातमी कळावी म्हणून लोक बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओभोवती जमले होते.

एक तार तुटली तर सगळे का बंद पडते?

बांधकामावर आठ मजूर एक जड लोखंडी तुळई खांद्यावर घेऊन चालले आहेत, असे समजा. एकाचा पाय घसरला की त्याचा भार उरलेल्या सातांवर येतो. त्यातला थकलेला एक वाकला की सहांवर. मग क्षणात सगळे खाली बसतात, नाहीतर जीव जाईल. वीजजाळ्याचे असेच आहे. जितकी वीज वापरली जाते तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. एक मोठी वाहिनी बंद पडली की तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर जातो, त्या तापतात, आणि यंत्रे जळू नयेत म्हणून आपोआप बंद होतात. पुन्हा चालू करताना एकदम करता येत नाही, टप्प्याटप्प्याने करावे लागते. म्हणून वीज जाते क्षणात आणि यायला लागतात तास.

म्हणून वीज नको, संगणक नको, असे म्हणायचे काय? मुळीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा विजेच्या नियोजनाचे कामही त्यांच्याच खात्याकडे होते. देशाच्या दारिद्र्यावर उद्योग आणि उद्योगासाठी मुबलक वीज, हा विचार त्यांनी त्या वेळी मांडला. यंत्राला भिणे हा आपला मार्ग नव्हे. पण यंत्र कुठे थांबू शकते हे ठाऊक असणे, हा शहाणपणा आहे.

आधी घराचा हिशोब मांडा

एक वही घ्या. रविवारी घरातली सगळी माणसे बसा, मुलांनाही बसवा. वहीत डाव्या बाजूला लिहा: पाणी, स्वयंपाक, उजेड, औषध, पैसा, निरोप, कागदपत्रे. प्रत्येकासमोर दोन प्रश्न लिहा. वीज गेली तर हे कसे मिळेल? फोन आणि संगणक बंद पडले तर कसे मिळेल?

हे लिहू लागलात की एक गोष्ट ध्यानात येईल. पूर्वी या सात गोष्टी सात वाटांनी घरात येत. आज त्या एकाच तारेला बांधल्या आहेत. पुनर्वसनाच्या सात मजली इमारतीत वीज गेली की पंप बंद, म्हणजे पाणी नाही. लिफ्ट बंद, म्हणजे आजीला खाली नेता येत नाही. फोनचे चार्जिंग नाही, म्हणजे निरोप नाही आणि पैसाही नाही. फोनमध्येच नंबर, फोनमध्येच पैसे, फोनमध्येच आधार कार्डाचा फोटो. फोनची बॅटरी संपली की सगळेच संपले. तेव्हा तयारीचा अर्थ इतकाच, की प्रत्येक गोष्टीला दुसरी एक वाट करून ठेवायची.

पाणी

सगळ्यात आधी पाणी. ठाणे जिल्ह्यातील पिसे-पांजरापूरच्या पंपांची वीज गेली तर मुंबईच्या नळाचे पाणी घटते, हे अनेकांनी अनुभवले आहे. गावाकडे पाणीयोजनेची मोटर थांबली की टाकी रिकामी. पिण्यासाठी माणशी दिवसाला ३ लिटर धरा. पाच माणसांच्या घराला तीन दिवसांचे ४५ लिटर झाले. स्वयंपाक आणि तोंड धुणे यासाठी तेवढेच आणखी धरा. म्हणजे सुमारे ९० लिटर. आपला हंडा, कळशी किती लिटरची आहे ते लिटरच्या बाटलीने एकदा मोजून पाहा, म्हणजे हिशोब पक्का होईल. संडासासाठीचे पाणी वेगळ्या पिंपात ठेवा, ते कपडे धुतलेलेही चालेल.

साठवलेल्या पाण्यावर घट्ट झाकण हवे आणि आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून, घासून, कोरडे करून पुन्हा भरले पाहिजे. नाहीतर डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. पूर किंवा वीजबंदीनंतर आलेले पहिले पाणी गाळून, खळखळून उकळून प्यावे. कोणाला जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे. चमचा चहाचा घ्यावा. लहान मूल मलूल झाले तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा.

चूल आणि डबा

यासाठी वेगळे महागडे सामान आणायला नको. नेहमीच्या वाणसामानात थोडी भर घालायची. पाच माणसांना तीन दिवस पुरावे म्हणून तीन किलो तांदूळ, तीन किलो पीठ, किलोभर डाळ, अर्धा लिटर तेल, मीठ, चटणी एवढे एका डब्यात बाजूला ठेवा. शिवाय चूल न पेटवता खाता येईल असे काही हवे: पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, फुटाणे, भाजलेले सातूचे पीठ. सुकट-बोंबील असतील तर भाकरीबरोबर दोन दिवस निघतात. नवे सामान आले की डब्यातले जुने वापरायला काढा आणि नवे डब्यात ठेवा. म्हणजे काही किडणार नाही, वाया जाणार नाही.

विजेच्या शेगडीवर ज्यांचा स्वयंपाक आहे त्यांनी गॅसची किंवा चुलीची सोय विसरू नये. पण एक सांगणे. कोळशाची शेगडी किंवा चूल बंद खोलीत पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जनरेटरही खोलीत किंवा जिन्यात चालवू नये.

उजेड

झोपडीत आणि चाळीत मेणबत्तीची आग ही अंधारापेक्षा मोठी आपत्ती आहे. बॅटरीचा टॉर्च घ्या, तो रोज एकाच खिळ्याला टांगा, म्हणजे काळोखात हात आपोआप तिथे जाईल. मेणबत्ती लावलीच तर ती पाण्याच्या ताटलीत उभी करा आणि मुलांजवळ सोडून जाऊ नका. वीज गेली की पंखा, टीव्ही, फ्रीज यांची बटणे बंद करा, एकच दिवा चालू ठेवा. वीज परत येताना कधी कधी दाब एकदम वाढतो आणि हप्त्याने घेतलेला फ्रीज जळतो. लिफ्टमध्ये अडकलात तर दार ओढून उघडू नका, घंटा वाजवा, हाका मारा, मदत येईपर्यंत आतच थांबा.

औषधे

रक्तदाब, साखर, दमा, फिट्स, क्षयरोग यांची औषधे शेवटची गोळी उरेपर्यंत थांबून आणायची नसतात. घरात नेहमी निदान आठवड्याचे औषध शिल्लक असावे. सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांना तसे विचारून घ्या. औषधांची नावे आणि मात्रा वहीत मोठ्या अक्षरात लिहा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी घाबरू नये. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे थंड खोलीत टिकते. उन्हाळ्यात एका मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके ठेवावे आणि बाटली पिशवीत गुंडाळून त्यात ठेवावी. बर्फावर ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. घरात डायलिसिसचा किंवा ऑक्सिजनवरचा रुग्ण असेल तर आजच रुग्णालयात विचारा: वीज गेली तर तुमचा जनरेटर किती तास चालतो आणि त्यानंतर आम्ही कुठे जायचे?

पैसा आणि रेशन

८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा ज्यांच्याकडे शंभराच्या आणि दहाच्या नोटा होत्या त्यांचीच चूल नीट पेटली. तो धडा आजही खरा आहे. तीन दिवसांचा घरखर्च आणि दवाखान्यापर्यंतचे रिक्षाभाडे एवढी रक्कम दहा, वीस, पन्नास, शंभराच्या नोटांत घरात ठेवा. एकदम जमणार नाही, आठवड्याला वीस-पन्नास रुपये बाजूला टाका. ही रक्कम घरातल्या बाईच्या हाती असावी आणि ती सणाला वा पाहुण्याला मोडू नये. बँकेचे पासबुक महिन्याला भरून घ्या, म्हणजे आपले किती पैसे आहेत याचा कागद हाती राहील. साध्या फोनवरून, इंटरनेट नसतानाही, स्टार ९९ हॅश हा नंबर लावून थोडे पैसे पाठवण्याची सोय आहे. ती आधी बँकेच्या खात्याशी जोडून घ्यावी लागते आणि तिलाही फोनचे नेटवर्क लागतेच.

रेशन दुकानात अंगठा लागत नाही, मशीन चालत नाही, म्हणून धान्य मिळणार नाही असे सांगितले तर मुकाट परत येऊ नका. नेटवर्क नाही किंवा अंगठा जुळत नाही एवढ्या कारणाने खऱ्या कार्डधारकाला धान्य नाकारू नये. रेशनकार्ड आणि आधार कार्ड पाहून, वहीत नोंद करून धान्य द्यावे, अशा केंद्र सरकारच्या सूचना २०१७ सालापासून आहेत. विटा वाहून आणि भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांच्यासाठी तर ही सूचना फार महत्त्वाची आहे. दुकानदार ऐकत नसेल तर दहा कार्डधारकांनी मिळून शिधावाटप कार्यालयात किंवा तहसीलदाराकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला आहे. रेशन हा हक्क आहे.

कागदपत्रांची पिशवी

आपल्या घरात सोने थोडे असते, कागद मात्र लाखमोलाचे असतात. रेशनकार्ड, शाळा सोडल्याचे दाखले, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, घराचे कागद, गावचा सातबारा, कामाच्या ठिकाणचे ओळखपत्र. त्यातही आजोबांचा जुना शाळेचा उतारा जिवापाड जपा. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आपल्या राज्यात १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. तो जुना कागद एकदा भिजला, फाटला, आणि गावच्या शाळेचे जुने रजिस्टरही वाळवीने खाल्ले, तर नातवंडांची शिष्यवृत्ती आणि नोकरी अडकून पडते.

फोनमधला फोटो आणि सरकारी डिजिलॉकर चांगले आहेत, ते जरूर वापरा. पण फोन बंद असेल त्या दिवशी कागदच लागतो. सगळ्या मूळ कागदांच्या झेरॉक्सच्या दोन प्रती काढा. मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड चिकटपट्टीने बंद करून, पाणी पोहोचणार नाही इतक्या उंच फळीवर ठेवा. एक झेरॉक्स संच घरातून निघताना घेता येईल अशा पिशवीत आणि दुसरा गावाकडे भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा.

निरोप कसा पोहोचवायचा?

आजकाल मुलांना आईचा नंबरही तोंडपाठ नसतो. घरातल्या प्रत्येकाला दोन नंबर पाठ करायला लावा. सगळे महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून मुलांच्या दप्तरात आणि मोठ्यांच्या पाकिटात ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे आकडे लहान मुलालाही माहीत असावेत. फोन लागत नसेल तर पुन्हा पुन्हा लावत बसू नका, लहानसा संदेश पाठवा, तो गर्दीतही पोहोचण्याची शक्यता जास्त असते. बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ घरात असू द्या.

सगळ्यात महत्त्वाचे, आधीच ठरवून ठेवा. लोकल बंद पडली तर कामावरची माणसे कुठल्या नातेवाइकाकडे थांबतील? मुलांना शाळेतून कोण आणील? ठरलेला माणूस येईपर्यंत मुलांनी शाळेतच थांबायचे, एकट्याने निघायचे नाही, हे त्यांना आणि शिक्षकांना सांगून ठेवा. घरी कोणी नसेल तर भेटायची जागा कोणती? विहार, समाजमंदिर, कोपऱ्यावरचे किराणा दुकान, काहीही चालेल, पण सगळ्यांना एकच जागा ठाऊक हवी.

अशा वेळी अफवा आणि भामटे दोघेही येतात. "आज रात्री तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असे खोटे संदेश पाठवून २०२२ साली कितीतरी ग्राहकांना फसवले गेले. बँक किंवा वीज कंपनी फोनवरून ओटीपी मागत नाही. कोणी मागितला तर फोन ठेवून द्या.

एकट्या घराचे काम नव्हे

कितीही साठा केला तरी एक घर एकटे पुरे पडत नाही. २००५च्या पुरात शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांना माळ्यावर ओढून घेतले होते. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत वस्तीची एक यादी करता येईल. कोणाच्या घरी एकटे म्हातारे माणूस आहे, कोण गरोदर आहे, कोणाला चालता येत नाही. वस्तीत नर्स कोण, वायरमन कोण, प्लंबर कोण, रिक्षा कोणाची. जुनी विहीर किंवा हातपंप कुठे आहे आणि तो चालू आहे का. हातपंपाला वीज लागत नाही. तो मोडून पडला असेल तर दुरुस्तीचा अर्ज ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात द्यायला हवा. आरोग्य केंद्रात जनरेटर आहे का, इमारतीच्या पंपाला दुसरी सोय आहे का, हेही विचारायला हवे. आपण कर भरतो, तेव्हा ही विचारणा म्हणजे उपकार मागणे नव्हे.

बचत गटाने थोडी रोख रक्कम आणि दोन मोठे टॉर्च सामाईक ठेवले तर ज्यांच्याकडे काहीच नाही अशा घरांना आधार होईल. शेजारचे घर आपल्या जातीचे वा धर्माचे आहे की नाही, हे अशा वेळी पाहायचे नसते.

चार आठवड्यांत जमेल

हे सगळे वाचून दडपून जाऊ नका. पहिल्या आठवड्यात वही, नंबर आणि भेटीची जागा ठरवा. याला एक पैसा लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात पाण्याची भांडी मोजा आणि टॉर्च आणा. तिसऱ्या आठवड्यात कागदांच्या झेरॉक्स आणि औषधांची यादी. चौथ्या आठवड्यात डबा भरायला आणि नोटा बाजूला टाकायला सुरुवात करा. मग एका रविवारी संध्याकाळी दोन तास घराचा मुख्य स्विच बंद करून पाहा. काय राहिले ते मुलेच सांगतील.

पुढच्या वेळी तारा तुटतील, सर्व्हर बंद पडेल, ते थांबवणे आपल्या हाती नाही. पण त्या दिवशी आपल्या घरात पाणी असेल, आजीची गोळी असेल, मुलगी कुठे थांबली आहे हे आईला ठाऊक असेल आणि शेजारच्या दारावर थाप मारायला कोणीतरी जाईल, इतके मात्र आपल्या हाती नक्की आहे. वही आजच काढा.